पहिल्या रांगेचा मान

माझ्या बहिणीला वाघानं धरलं तेव्हा भोंगा वाजला होता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या भागात ही गोष्ट निघाली की पहिलं वाक्य हेच येतं, आणि बोलणाऱ्याला वाटतं की आता पुढं बोलण्यासारखं काही उरलंच नाही. 'भोंगा तर वाजला की, ताई.' वाजला ना, मी कुठं नाही म्हणते. पण कधी वाजला हे कुणी विचारत नाही. माझं पोट त्या 'कधी'वरच चालतं, आणि एवढी एक गोष्ट मला माझ्याच माणसांना समजावून देता आलेली नाही.

मी राहायला वारूळवाडीत, आणि कामाला नारायणगावात. आसपासच्या गावांना इंटरनेट देणारी एक छोटी कंपनी आहे, तिथं. पोरं गच्च्यांवर आणि पाण्याच्या टाक्यांवर चढून डिश बसवतात. मी ऑफिसात बसून कुणाचा डेटा कधी आणि किती सोडायचा ते ठरवते. याला ट्रॅफिक शेपिंग म्हणतात. गावात सांगताना मी 'रांगा लावणं' म्हणते, कारण इंग्रजी नाव काढलं की समोरचा आधी मोबाईल बाहेर काढतो आणि 'आमच्याकडं रेंज येत न्हाई बघा' सुरू करतो.

लोकांना स्पीड कळतो, उशीर कळत नाही. टोमॅटोच्या दिवसांत मार्केटयार्डाच्या दाराशी पिकअपची रांग लागते. रस्ता केवढाही रुंद करा, पिकअप तो भरून टाकणारच, आणि अॅम्ब्युलन्स आली तर तिला त्यांच्या मागंच उभं राहावं लागणार. म्हणून कडेची एक पट्टी रिकामी ठेवायची. कुणी कितीही हॉर्न वाजवला, कितीही ओळख सांगितली तरी ती द्यायची नाही. माझं सगळं काम एवढंच आहे. पण रिकामी जागा बघितली की आपल्याकडं माणसाच्या पोटात दुखतं. ती वाया चालली असं त्याला वाटतं.

अक्का माझी मोठी बहीण. तिची वस्ती जुन्नर तालुक्यातच, पण गावठाणापासून लांब, तिन्ही बाजूंनी ऊस. घरात ती आणि दाजी दोघंच. दाजींचा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळं गोठ्याचं आणि वैरणीचं सगळं अक्काकडं. बेल्ह्याच्या बाजारातून आणलेल्या दोन गाया, आणि त्यांच्यासाठी दिवस मावळायच्या सुमारास बांधावरचं गवत कापायचं. वाघ पण त्याच वेळेला निघतो. आम्ही बिबट्याला वाघच म्हणतो. गवत कापायला बाई वाकली की त्याला ती माणूस वाटत नाही, कसलं तरी जनावर वाटतं. म्हणून आमच्याकडच्या बाया गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून रानात जायला लागल्या. अक्का पण घालायची. उकाड्यात मान सोलवटून निघायची तिची. पहिल्यांदा तिला तो पट्टा घातलेली बघितली तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणसानं कुत्र्यासारखा पट्टा घालून आपल्याच रानात जायचं, याला जगणं म्हणायचं का?

तेव्हा गावानं भोंग्यांचं ठरवलं. उसाच्या कडेला कॅमेरे. कॅमेऱ्यानं काढलेलं चित्र टाकीवरच्या डिशवरून नारायणगावात आमच्या ऑफिसातल्या मशीनकडं यायचं. मशीननं वाघ ओळखला की हुकूम उलटा जायचा आणि वस्तीवरचा भोंगा वाजायचा, दिवे लागायचे. भोंग्यानं वाघ पळतो, आणि पळाला नाही तरी माणूस सावध होतं. कल्पना चांगलीच होती. अडचण एकच, चित्र यायला आणि हुकूम जायला तीच एक डिश, जिच्यावरून अख्ख्या गावाचे सिनेमे, मॅच आणि गप्पा चालतात. म्हणून मी भोंग्यासाठी वेगळी, सगळ्यात पहिली रांग केली. तिच्यात दुसरं कुणी नाही. गावानं काहीही बघो, कितीही बघो, भोंग्याचं चित्र कुणाच्याही मागं थांबणार नाही.

अक्काच्या वस्तीवर आम्ही चाचणी घेतली. खरा वाघ कुठून आणणार, म्हणून वाघाचं भलंमोठं फ्लेक्स छापून घेतलं आणि दाजींना दिलं. दाजी ते पोटाशी धरून लंगडत लंगडत बांधावर चढले, आणि दुसरा पाय वर घ्यायच्या आत भोंगा असा काय केकाटला की फ्लेक्स टाकून ते खालीच बसले. अक्का हसून हसून मेली. 'म्हाताऱ्याला वाघ समजतंय, लई हुशार मशीन हाय बये तुझं,' म्हणाली. त्या दिवशी तिनं पट्टा काढून गोठ्यात खुंटीला टांगला. मी म्हटलं, 'थोडे दिवस राहू दे गळ्यात.' ती म्हणाली, 'तू बसावलायस ना? मंग झालं.'

पुढं जे झालं ते आमच्याच भागात होऊ शकतं. आमच्याकडं यात्रेत मान असतो. पालखीला पहिला खांदा कुणाचा, नारळ कुणाचा, बैलगाडा शर्यतीच्या चढावर, म्हणजे घाटात, पहिला गाडा कुणाचा. यावरून भावकीभावकीत डोकी फुटलीत, ठरलेल्या सोयरिकी मोडल्यात. शेवटी गावानं तोडगा काय काढला, तर सगळ्यांनाच पहिला मान. पूर्वी देवापुढं एक नारळ फुटायचा. आता प्रत्येक भावकीचा एकेक नारळ एकदम फोडतात आणि सगळेच 'पहिला' असतात. भांडण मिटलं, सगळे खूश. नारळाच्या बाबतीत माझं काही म्हणणं नाही, देवाला घाई नसते.

आमच्या शेठनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, ग्रामसभेत फुशारकी मारली की तुमच्या भोंग्याला आम्ही पहिल्या रांगेत बसवलंय. झालं. दुसऱ्याच दिवशी यात्रा कमिटीच्या अध्यक्षांचा मला फोन. 'ताई, पयल्या रांगंत म्हणं तुमची अक्का. बाकीच्या गावानं तुमचं काय घोडं मारलंय?' मी समजावलं की अक्का नाही, भोंगा आहे, आणि ज्या ज्या वस्तीवर भोंगा आहे त्या सगळ्या त्यात आहेत. ते म्हणाले, 'त्ये खरं, पण देवाची आरती तिसऱ्या रांगंत बसावली तुमी. देवाला तिसरा नंबर? आमी लोकांना काय सांगायचं?' आरतीचं लाईव्ह अडकत होतं का, असं मी विचारलं. 'अडकत न्हाई व्हतं. पण मान तो मान.'

आरती घेतली पहिल्या रांगेत. मग डेअरी आली. मग वरच्या आळीची भावकी म्हणाली, देवाचा गुरव खालच्या आळीचा, म्हणजे आरती त्यांची झाली, आमचं काय? मग कुणाच्या घरचं वायफाय, कुणाच्या हॉटेलातला टीव्ही. एकालाही पहिल्या रांगेत काय जातं हे माहीत नव्हतं, नुसतं नाव पाहिजे होतं. मी शेठच्या टेबलापुढं उभी राहून भांडले. म्हटलं, 'शेठ, सगळेच पहिल्या रांगेत बसले की भोंग्याला परत सगळ्यांच्या मागं उभं राहावं लागतं.' शेठ शांत माणूस. चहा ढवळत म्हणाले, 'बिघडलं कुठं? भोंगा पण पहिल्याच रांगेत आहे की. त्याला आपण खाली कुठं बसवलाय? आणि तू नाही म्हटलंस तर हे लोक उद्या दुसऱ्याचं कनेक्शन घेतील, मग भोंगा कशावर चालवशील?'

या माणसाला काय बोलायचं? कागदावर त्याचं बरोबरच होतं. कुणालाही खाली न बसवता त्यानं भोंग्याला खाली बसवलं होतं. तरी मी एका गोष्टीवर हटून बसले. बैलगाड्यांचं लाईव्ह पहिल्या रांगेत घेणार नाही. आरती आणि डेअरी एक वेळ चालून जातील, त्यांचा भार थोडा. घाटातलं लाईव्ह म्हणजे गावातून बाहेर जाणारा लोंढा, आणि कॅमेऱ्याचं चित्र त्याच रस्त्यानं बाहेर येतं. शेठ 'बरं बाई' म्हणाले. मला वाटलं, ऐकलं.

यात्रेच्या दिवशी मी ऑफिसात एकटीच होते. बाकी सगळे घाटात. दिवस कलायला लागला तशी माझ्या स्क्रीनवर उशिराची रेघ वर चढायला लागली. पहिल्या रांगेची ती रेघ कायम जमिनीला टेकलेली असते. तिला उभं राहिलेलं मी तोवर कधी बघितलं नव्हतं. रांग उघडून बघितली तर आत घाट. एक लाईव्ह नाही, प्रत्येक भावकीचं वेगळं, प्रत्येकाचा कॅमेरा वेगळा, सगळे एकाच बैलजोडीचं चित्र पाठवत होते, आणि सगळे पहिल्या रांगेत. शेठनी सकाळी स्वतःच्या मोबाईलवरून त्यांना आत घेतलं होतं. मला सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

आधी अक्काला फोन लावला. नुसता वाजत राहिला. ती वेळ तिची बांधावरची, आणि फोन ती घरात चार्जिंगला लावून जाते. मग दाजींना लावला. दाजींनी कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. त्यांनी नंतर मला खाली मान घालून सांगितलं, फायनल चालू होती, ओसरीवर बसून मोबाईलवर बघत होतो, तुझं नाव आलं, म्हटलं करू गाडा झाल्यावर. मी त्यांच्यावर चिडू शकले नाही. त्यांच्या मोबाईलवर चित्र अगदी स्वच्छ येत होतं. मीच रांगा लावलेल्या डिशवरून.

तिसऱ्यांदा फोन लावला नाही. सगळी लाईव्ह एकदम पहिल्या रांगेतून काढली आणि तोडून टाकली. रेघ खाली आली. खाली आली तशी अक्काच्या वस्तीची खूण स्क्रीनवर लाल झाली. वाघ ओळखला, हुकूम गेला, भोंगा वाजला. म्हणजे ते चित्र बराच वेळ रांगेत उभं होतं. मी वाट मोकळी केली तेव्हा ते आत आलं.

दाजी सांगतात, मोबाईलवरचं चित्र थिजलं आणि भोंगा वाजला, दोन्ही एकदमच. आणि भोंग्याच्या आवाजातून त्यांना अक्काचा आवाज आला. ते गेले तोवर वाघ तिला सोडून उसात शिरला होता. गळ्यात पट्टा नव्हता. मानेपासून खांद्यापर्यंत फाडलेलं, आणि उजव्या हातात विळा तसाच.

ते चित्र मी नंतर बघितलं. बघायला नको होतं. कॅमेऱ्यानं चित्र काढल्याची वेळ आणि भोंगा वाजल्याची वेळ, यांच्यामध्ये एक गाडा सुटून, घाट चढून वर पोचेल एवढं अंतर होतं. चित्रात वाघ बांधाच्या पलीकडं आहे, अजून लांब आहे. अक्का त्याच्याकडं पाठ करून वाकलीये. तिला सरळ उभं राहून वळून बघायला, ओरडायला, चार पावलं मागं यायला भरपूर वेळ होता. तो वेळ आम्ही बैल दाखवायला वापरला.

नारायणगावात टाके पडले, मग पुण्याला नेलं. जीव वाचला, उजवा हात मात्र खांद्याच्या वर जात नाही. वेणी दाजी घालतात, वाकडीतिकडी.

आणि मला जाब विचारला गेला. उशिराबद्दल नाही. फायनलला लाईव्ह तुटलं, बाहेरगावची मंडळी बघत होती, गावाची लई नाचक्की झाली, ते कुणी आणि का तोडलं याबद्दल. मी कमिटीच्या बैठकीत जाऊन सगळं सांगितलं. चित्राची वेळ, भोंग्याची वेळ, मधलं अंतर. अध्यक्ष मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, 'पण ताई, भोंगा वाजला का न्हाई?' वाजला. 'भोंग्यामुळं वाघ पळाला का न्हाई?' पळाला. 'मंग भोंग्यानंच वाचावली म्हणा की अक्काला.' सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी वाईट नव्हतं तिथं. दवाखान्यात डबे यांच्याच घरून येत होते, अक्काच्या गाया यांच्याच पोरांनी सांभाळल्या. म्हणूनच तर तोंडाला आलेले शब्द गिळावे लागले.

अक्काचा देवळात सत्कार केला. शाल, श्रीफळ. तिला दोन्ही हात पुढं करता येईनात, तेव्हा श्रीफळ दाजींच्या हातात दिलं. शेठनी भाषण केलं की आमच्या यंत्रणेनं एका माउलीचे प्राण वाचवले. सत्काराचं लाईव्ह होतं, अर्थातच पहिल्या रांगेत. अक्का डोक्यावर पदर घेऊन खाली बघत बसली होती. घरी येताना एवढंच म्हणाली, 'ह्यांना खरंच कळत न्हाई का ग?' मी म्हटलं, खरंच कळत नाही. ती म्हणाली, 'मंग बोलून काय उपेग.'

मी शेठना म्हटलं, आता तरी रांग रिकामी करा. त्यांनी खरोखर प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. घरोघर विचारलं, कोण खाली यायला तयार आहे? सगळे म्हणाले, रिकामी करायलाच पाहिजे, अक्काचं ऐकून लई वाईट वाटलं, पण आधी ते उतरू द्यात, मग आम्ही उतरतो. एकदा दिलेला मान आमच्याकडं कुणी परत घेत नाही. तो काढला तर गावात तोंड दाखवता येत नाही माणसाला.

मग एके दिवशी अक्कानं मला वस्तीवर बोलावलं आणि म्हणाली, 'त्यो भोंगा काढून ने.'

मी म्हटलं, 'अक्का, मी नीट करते. यात्रा संपली, आता तेवढा भार नाही. आज चाचणी घेतली तर लगेच वाजेल.'

'आज वाजंल. आन् फुडल्या यात्रेला? कुणाच्या लग्नाला? विलेक्शनला?'

मी मोबाईलवरची रेघ तिला दाखवायला गेले, तिनं माझा हात बाजूला केला.

'हे बघ,' ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. 'भोंगा नव्हता तवा मी भ्येत व्हते. चारदा वळून बघायचे, कान उसाकडं असायचा. भोंगा आला आन् मी त्याच्यावर सोपवलं. पाठ केली उसाकडं. वाघानं न्हाई ग बाई, त्या भरवशानं धरलं मला. त्यो काढ. मला माजं भ्या परत दे.'

माझ्या धंद्यातल्या लोकांनी डेटा वेळेत पोचण्याच्या खात्रीबद्दल जेवढं लिहून ठेवलंय त्यातलं मी बरंच वाचलंय. अक्का म्हणाली ते त्यात कुठंच नव्हतं. शिडी लावली आणि वर चढले. दाजींनी शिडी धरली होती. ते वर बघत नव्हते.

नटबोल्ट सोडवताना फोन आला. हात गुंतलेले, म्हणून स्पीकरवर घेतला. अध्यक्ष.

'ताई, अक्काच्या वस्तीवरला भोंगा काढताय म्हणं. दाजीच बोलले सकाळच्याला डेअरीत. मंग आता पयल्या रांगंत एक जागा मोकळी व्हईल ना? ती आमच्या धाकल्या पुतण्याला द्या. त्याचं लई दिवस राह्यलंय, रुसून बसलाय.'

खाली अक्का उभी होती. तिनं सगळं ऐकलं. दाजींनी शिडीवर कपाळ टेकवलं. मी काही बोलायच्या आत अक्काच खालून म्हणाली, 'दे त्याला. तेवढाच खूश व्हईल.'

मी अध्यक्षांना 'बरं' म्हटलं आणि फोन बंद केला. भोंगा काढून खाली आणला. फार जड नव्हता. तो गाडीत ठेवून येते तोवर अक्का डाव्या हातात विळा घेऊन बांधाकडं निघाली होती. डाव्या हातानं कापायची सवय तिनं करून घेतली होती, हळूहळू कापते. उन्हं उसाच्या तुऱ्यांवर आली होती.

'आलीयस तर थांब घटकाभर,' ती म्हणाली. 'तू उसाकडं बघ. मी वाकते.'

ती वाकली. मी तिच्याकडं पाठ करून उसासमोर उभी राहिले. खिशात फोन पुन्हा वाजायला लागला. वाजून वाजून बंद पडला, परत वाजला. मी उसावरची नजर काढली नाही.